हिवरतळ — उद्या

२ मार्च १९८७, सोमवार

आलो बुवा एकदाचा! नांदेडहून मुखेड, मुखेडहून दुसरी एस.टी., आणि शेवटचा दीड मैल ट्रंक खांद्यावर घेऊन पायी. नव्या बुशशर्टाची धुळीनं अशी काही दशा झाली की केंद्राच्या दारात झाडणाऱ्या बाईनं मला बघून सांगितलं, टँकरवाल्यांनी मागच्या अंगानं जायचं. मी म्हटलं, मावशी, मी नवा निवेदक. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि परत झाडायला लागली. माझा पहिला श्रोता हा असा.

केंद्राचं नाव 'लोकनाद'. नवा जिल्हा झाला तेव्हा मोठ्या हौसेनं काढलेलं, अगदी जिल्ह्याच्या शिवेवर, उघड्या माळावर. दोन खोल्या, एक उंच मनोरा, मागं राहायला क्वार्टर. स्टुडिओच्या भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकल्यात, वरून गोधड्या. आत बोललं की आपला आवाज आपल्यालाच नवा वाटतो. मला लई आवडलं. ज्या आवाजापायी घरच्यांची बोलणी खाल्ली, त्याला शेवटी नोकरी लागली. तीन महिने चांगलं काम केलं की कायम.

केंद्रप्रमुख माणिकप्पा. पन्नाशीचे, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलणं हळू आणि तोलून. सगळे अप्पा म्हणतात. यंत्रं तेच सांभाळतात, आता मलाही शिकवणार. झाडणाऱ्या मावशी म्हणजे कोंडाबाई, चहापाणी पण त्यांच्याकडंच. झालं, संपलं केंद्र. अप्पांनी मला अर्धा पेला पाणी दिलं आणि मी पिऊन होईस्तोवर पेल्याकडंच बघत राहिले. दुष्काळाचं तिसरं वर्ष आहे, माणसं अशी होणारच.

ही वही बायकोनं, सिंधुनं दिली. रोज लिहायची शपथ घातलीय, आली की वाचणार आहे. सहावा महिना चालू आहे, थोडी ऊन-धुळीची सवय मला झाली की तिला घेऊन येतो. बाईसाहेब, अक्षर नीट काढून राहिलोय, बघून घ्या.

५ मार्च

काम समजलं. सकाळी सात-पाचला 'पाणीपाळी', हा आमचा मुख्य कार्यक्रम. कोणत्या गावाला टँकर किती वाजता, एवढंच. पण काय सांगू! त्या पाच मिनिटांत सगळा माळ श्वास धरून ऐकतो. मग शेतकऱ्यांचं, बायकांचं, दुपारी पत्रपेटी, सणावाराला विशेष कार्यक्रम आणि महिन्याला एका गावात श्रोता मेळावा.

इकडं पाण्याच्या रांगेत माणसं उभी राहत नाहीत, भांडी राहतात. घागर, हंडा, तेलाचा डबा, जे असेल ते ओळीत ठेवायचं, वाऱ्यानं लवंडू नये म्हणून आत दगड टाकायचा आणि आपण सावलीला जाऊन बसायचं. त्याला नंबर लावणं म्हणतात. भांड्यावर नाव घातलेलं असतं, त्यामुळं भांडण नाही. आणि दुसऱ्याचं भांडं कोणी म्हणजे कोणी हलवत नाही. उपाशी माणूस एकवेळ भाकर चोरेल, नंबर चोरणार नाही, असं कोंडाबाई म्हणाल्या.

पाळीचं कार्ड अप्पा स्वतः लिहितात. बावीस गावं निळ्या शाईत आणि सगळ्यात खाली एक लाल शाईत. हिवरतळ — उद्या. तीन दिवस झाले, तिन्ही दिवस उद्या. मी हसून विचारलं, अप्पा, ह्या गावाचा उद्या कधी उजाडणार? ते हसले नाहीत. जसं लिहिलंय तसं वाचायचं, एवढंच बोलले.

१० मार्च

लोक माझ्यावर खूश आहेत! काल सव्वीस पत्रं आली. रेणापूरकडची एक म्हातारी लिहिते (म्हणजे तिचा नातू लिहितो), तुमचा आवाज ऐकला की पाणी आलंच असं वाटतं. सिंधुला हे पत्र दाखवीन. माझा बाप म्हणायचा, तोंडानं पोट भरत नाही. घ्या.

आज परत हिवरतळ उद्या. मी भिंतीवरच्या नकाशात शोधलं. आपल्या जिल्ह्यात नाही. शेजारच्या जिल्ह्याचा नकाशा जुन्या फायलीत होता, त्यातही नाही. अप्पांना कोणी सांगावं की नसलेल्या गावाला टँकर कशाला!

१५ मार्च

धामणवाडीत श्रोता मेळावा झाला. मांडव, सतरंज्या, पाच-सहाशे माणूस. मी एकेका गावाचं नाव घ्यायचो आणि त्या गावची माणसं टाळ्या वाजवायची. रंगात आलो होतो. शेवटी माझ्या अकलेनं मी म्हटलं, हिवरतळचं कोणी आलंय का?

पुढं बसलेल्या बायकांनी लेकरं पदराखाली घेतली. केवळाबाई म्हणून एक थोराड बाई उठली, बाहेरच्या रांगेतली आपली घागर उचलली, आतला दगड काढून टाकला आणि नंबर सोडून चालती झाली. दुष्काळात नंबर सोडून! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जीपमधून येताना कोंडाबाईंनी सांगितलं. हिवरतळ हाय, इथून चार कोसावर. जिल्हा वेगळा झाला तेव्हा शीव नेमकी गावाच्या अंगावरून गेली. पहिल्याच उन्हाळ्यात विहिरी आटल्या. इकडच्यांना वाटलं गाव तिकडं, तिकडच्यांना वाटलं गाव इकडं, यादीत कुणाच्याच नाही. लोकांनी गाड्या जुंपल्या होत्या सोयऱ्याधायऱ्यांकडं जायला. तेवढ्यात रेडिओनं सांगितलं, हिवरतळला उद्या टँकर येईल, गाव सोडू नका, जो घरी नसेल त्याचं पाणी कापलं जाईल. लोकांनी बैल सोडले आणि नंबर लावले. दुसऱ्या दिवशी रेडिओनं परत सांगितलं, उद्या. असं एकोणीस दिवस.

पुढं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

२० मार्च

सायकलनं हिवरतळला जाऊन आलो. जायला नको होतं, पण मी ऐकतोय कुणाचं!

घरं शाबूत आहेत. दारं लोटलेली. एका ओसरीवर जातं, त्यावर खुंटा तसाच. चावडीत पंचायतीचा रेडिओ, वायर तुटलेली. आणि चावडीपासून गाडीवाटेपर्यंत भांड्यांची ओळ. त्रेचाळीस मोजली. प्रत्येकात एक दगड. नावं वाचली मी. सौ. गौरम्मा शिवमूर्ती. धोंडाबाई. श्रीमंत रामकिशन. एका पितळी हंड्यावर लग्नाची तारीख, अवघी ब्याऐंशीची.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कुणाला बोललो तर हसतील. चार वर्षांची ही भांडी. माळावर धुळीची वावटळ रोज उठते. पण एकाही भांड्यावर धूळ नव्हती.

२३ मार्च

सिंधु आली! पोट चांगलंच दिसायला लागलंय. येताना लग्नातली तांब्याची घागर घेऊन आली, 'सिंधु भीमाशंकर' असं नाव घातलेली. मी म्हटलं, इथं भरायला काय आहे? तर म्हणते, तुमच्या आवाजानं भरेल. हे माझ्या तोंडावर बोलते आणि वर हसते. फार बरं वाटलं. दिवसभर तिच्या मागं मागं फिरलो.

संध्याकाळी अप्पांना गाठलं आणि सरळ विचारलं, त्या उन्हाळ्यात केंद्रावर वाचत कोण होतं?

"मीच. कागद आला, वाचला."

एवढं बोलून ते कपाळाचं भस्म पुसल्यासारखा हात फिरवत बसले. मग सांगितलं ते असं. गाव संपलं, कागद यायचा थांबला. एक दिवस त्यांनी यादीतून हिवरतळ गाळलं. दुसऱ्या सकाळी त्यांच्या दारात एक घागर होती, आत दगड. त्यांनी त्याच दिवशी परत वाचलं, हिवरतळ उद्या, आणि घागर गेली. उद्या म्हटलं की ते थांबतात, चार वर्षं थांबलेत.

मला संताप आला. एकोणीस दिवस जिवंत माणसांना फसवलं आणि आता मेलेल्यांनाही फसवून राहिलेत! भुताखेताचं मला खरं वाटत नाही. पण माणसाला लाज असावी की नाही?

२८ मार्च

अप्पा पाडव्यासाठी उदगीरला गावी गेले. पाच दिवसांची कार्डं लिहून ठेवली. परवाच्या, म्हणजे पाडव्याच्या कार्डावर हिवरतळपुढं काहीच लिहिलेलं नाही. जागा कोरी. विसरले असतील.

सिंधु म्हणते, विशेष कार्यक्रम असा करा की लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. डोक्यात एक कल्पना आहे.

३० मार्च, गुढीपाडवा

केलं! सात-पाचला बावीस गावं वाचली, मग क्षणभर थांबलो. माझ्या आवाजाला जेवढी माया होती तेवढी घालून म्हणालो, हिवरतळ, आज. आज तुमच्याकडं पाणी येणार. मग चार शब्द त्या गावाविषयी बोललो. ठरवलं असं होतं की दुपारचा टँकर तिकडं न्यायचा, त्रेचाळीस भांड्यांत थोडं थोडं पाणी घालायचं आणि तिथला आवाज रेकॉर्ड करून लोकांना ऐकवायचा. चार वर्षांचं पाप एका सणाला फिटलं असतं.

टँकरवाल्यानं नाव ऐकलं आणि किल्ली खिशात घातली. नोकरी गेली तरी तिकडं येत नाही म्हणाला. मी जरा तणतणलो. मग म्हटलं जाऊ दे. लोकांपर्यंत भावना पोचली, पुष्कळ झालं. आणि मेलेली माणसं काही तक्रारीचं पत्र घालणार नाहीत.

सिंधुनं पुरण केलं होतं. दोनदा वाढून घेतलं.

३१ मार्च

सकाळी दार उघडलं तर पायरीवर एक घागर. आत दगड. गौरम्मा शिवमूर्ती.

कोंडाबाईंनी गंमत केली म्हणावं तर त्यांनी बघताच झाडू खाली ठेवला आणि घागरीला हात जोडले. मी आज वाचताना मुकाट्यानं म्हणालो, हिवरतळ — उद्या. अप्पांचं औषध. दुपारी बघितलं, घागर तिथंच.

सिंधु विचारत होती कुणाची. शेजारच्या वस्तीवरची, नंबर लावलाय, असं सांगून टाकलं. पोटुशी बाई, तिला काय सांगायचं!

१ एप्रिल

तीन भांडी. ओळीनं, पायरीपासून अंगणात.

वाटलं, पाणीच पाहिजे ना, घ्या. दोन तांबे पहिल्या घागरीत ओतले. तापल्या तव्यावर टाकल्यासारखा आवाज झाला, चर्र. आत वाकून बघितलं तर दगडसुद्धा ओला नाही. परत दोन तांबे. परत तसंच. तिसऱ्यांदा ओतलं तेव्हा घागर उचलली गेली नाही की सरकली नाही, पण मी आत जाऊन बाहेर आलो तर ती नव्हती. म्हणजे भरली की जातात. एका घागरीला सहा तांबे लागले. घरातलं सगळं पाणी तेवढ्यात संपलं. आणि मागं बेचाळीस आहेत.

२ एप्रिल

नऊ भांडी. केंद्राच्या वाट्याचं पाणी चोवीस तासांत एक माठ. मी आज एकाही भांड्यात ओतलं नाही. झाकण लावून, वर पाटा ठेवून माठ आतल्या खोलीत ठेवला. दुपारी सिंधु पाणी घ्यायला गेली. माठ कोरडा. पाटा जागेवर, झाकण जागेवर, माठाला चीर नाही.

ती म्हणाली तुम्ही पिलात का. मी हो म्हणालो. माझ्याकडं बघत राहिली बिचारी. तिचा खालचा ओठ फुटलाय.

३ एप्रिल

अप्पा आले. अंगणातली ओळ बघितली, पायरी न चढता उन्हातच उभे राहिले. मी हात जोडले. उद्या म्हणून बघितलं, तीनदा म्हणालो, जात नाहीत. अप्पा म्हणाले, उद्या म्हणणाऱ्याला ते सोडतात, आज म्हणणाऱ्याला सोडत नाहीत. आज परत घेता येत नाही. ज्या आवाजानं दिलं त्याच्याच दारात नंबर लागतो.

मग मला हळूच म्हणाले, ते पाण्याच्या मागं असतात, माणसाच्या नाही. पाणी दुसरीकडं हाय म्हणून सांगा.

"जिथं सांगाल तिथं जातील."

एवढं बोलून त्यांनी खिशातनं बदलीचा कागद काढून दाखवला. आजच निघतात. कागदावरची तारीख पंचवीस मार्चची. पाडव्याच्या आधी पाच दिवस.

कोऱ्या जागेचा अर्थ मला तेव्हा लागला. माणूस चार वर्षं दुसऱ्या आवाजाची वाट बघत होता. मी शिव्या दिल्या, लई दिल्या. ते गळ्यातल्या लिंगाला हात लावून उभे राहिले आणि जीपमध्ये बसून गेले.

६ एप्रिल

एकवीस भांडी. ओळ केंद्राच्या फाटकाला लागली.

सिंधुचे डोळे खोल गेलेत. जीभ टाळूला चिकटते, बोलताना टक् टक् वाजतं. काल कोंडाबाईंनी त्यांच्या वाटणीचा तांब्या आणून दिला, तो तिच्या ओठाला लावेपर्यंत मोकळा झाला. माझ्या हातात होता. डोळ्यांदेखत. ती म्हणाली, पोटात हलत नाही हो सकाळपासून. मग दुपारी हललं, तेव्हा आम्ही दोघं रडलो. अश्रू आले नाहीत तिला.

ठरलं. उद्या सकाळच्या साडेसहाच्या गाडीनं ती माहेरी, मुखेडला. ती गेली की सात-पाचला मी ह्यांना दुसरीकडं धाडतो. पण कुठं? कुणाच्या गावावर घालायचे? मी अप्पा नाही. माझ्या मनात कुणाचं वाईट नाही, परमेश्वराला माहीत आहे.

खडीफाटा. तिथं बंद पडलेली खडीची मशीन आहे. घर नाही, विहीर नाही, झाड नाही, चिटपाखरू नाही. बसोत तिथं जन्मभर.

सिंधुला अजून काही सांगितलेलं नाही. घाबरून तिच्या पोटावर परिणाम झाला तर. वही ट्रंकेत कुलपात ठेवतो.

७ एप्रिल, सकाळ

सिंधुला गाडीत बसवून आलो. तांब्याची घागर हट्टानं बरोबर घेतली, माहेराहून भरून आणीन म्हणाली. खिडकीतनं हात केला. उन्हात तिच्या बांगड्या सैल झालेल्या दिसल्या.

सात-पाच. वाचलं. आवाज जराही हलू दिला नाही. हिवरतळ, आज, पाणी खडीफाट्यावर. आज नक्की, खडीफाट्यावर. दोनदा म्हणालो.

बाहेर आलो. अंगण रिकामं! एक भांडं नाही! एकवीसची एकवीस गेली, मातीत नुसते गोल उमटलेले. कोंडाबाईंना ओरडून बोलावलं. त्या आल्या, अंगण बघितलं आणि विचारलं, कुठं धाडलं? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, साहेब, रेडिओ काय फकस्त मेलेलीच माणसं ऐकत्यात का?

मला समजलं नाही. चहा मागितला. माठात पाणी आहे, गार आहे, तीन पेले प्यालो. किती दिवसांनी. सिंधु आत्तापर्यंत अर्ध्या वाटेवर —

मुखेडची गाडी खडीफाट्यावरनं जाते.

जाऊ दे. ती गाडीत आहे. गाडी तिथं थांबत नाही.

७ एप्रिल, दुपार

कंडक्टर आला होता. सायकल मागून घेऊन एवढ्या उन्हात. तो जे बोलला ते लिहितो.

ड्रायव्हरजवळ ट्रान्झिस्टर असतो. पाणीपाळी सगळी गाडी ऐकते, रोजच ऐकते. खडीफाटा म्हटल्याबरोबर गाडीत गलका झाला. थांबवा, थांबवा. ज्याच्याजवळ भांडं होतं तो उतरला. आसपासच्या वस्तीवरच्या बायका आधीच पळत येऊन राहिल्या होत्या. कुणी नंबर लावले. आमचं काय, इथं आधीच नंबर लागलेले दिसत्यात, एवढी भांडी कुणाची, असंही कुणीतरी म्हणालं.

सिंधु उतरली. कंडक्टरनं अडवलं म्हणे, बाई, अशा दिवसांत उन्हात बसू नका, टँकरचा काय भरवसा.

"माझ्या मालकांनी सांगितलंय," ती म्हणाली. "पाणी आल्याबिगर ते बोलायचे न्हाईत."

गाडी तासभर थांबली आणि गेली. ही माणसं बसली. परतीच्या खेपेला एक वाजता त्यानं बघितलं. अजून ओळीनं बसलेली. त्यानं हाक मारली —

मी निघतो.

८ एप्रिल

बारा जण. रांगेत. प्रत्येकापुढं

डॉक्टर म्हणतात उष्माघात. एवढ्या लवकर अंगातलं सगळं पाणी कसं गेलं, हे त्यांनाही —

तिचे ओठ. हात पोटावर दोन्ही.

तिच्यापुढं घागर नव्हती. सगळ्यांची होती. मी शोधली, खडीत हातांनी शोधली.

मी तिला सांगितलं असतं तर. एक वाक्य. नुसतं, सिंधु, उद्या सकाळी रेडिओवर जे म्हणीन ते खोटं आहे. एवढं बोललो असतो तर ती गाडीत बसून राहिली असती. वही कुलपात ठेवली मी. हरामखोर, वही कुलपात ठेवली.

८, परत

कोंडाबाई बसल्यात ओट्यावर. म्हणाल्या, अप्पांच्या तोंडून पण एकदा आज निघालं होतं, मग त्यांनी धाडले होते. दुसऱ्या वर्षी. जुन्या खाणीवर, तिथं पण कोणी राहत नव्हतं. माझी लेक गेली होती घागर घेऊन. रेडिओनं सांगितलं म्हणून.

मला वाटलं, अप्पांनी सांगितलं असेल तुमाला.

मग तुम्ही इथं कामाला का राहिलात, मी विचारलं. त्या म्हणाल्या, ती ऐकती ना. सकाळी नाव निघालं की मी खिडकीपाशी उभी राहते. तेवढंच तिच्याबरोबर.

९ एप्रिल

दार उघडलं.

ओळ आहे. पायरीपासून फाटक, फाटकापासून रस्ता, रस्त्यानं खाली. मोजत नाही.

पायरीवर पहिला नंबर. तांब्याची. लख्ख. सिंधु भीमाशंकर. आत दगड.

तिच्या शेजारी एक बोळकं. मातीचं, मुठीएवढं. नाव नाही. आत खडा, हरभऱ्याएवढा.

माझ्याजवळचं सगळं ओतलं. माठ, पेला, जनरेटरच्या रेडिएटरचं पाणी. चर्र. तिची भरत नाही. बोळकंसुद्धा भरत नाही. एवढंसं बोळकं —

९, सहा-पन्नास

कोंडाबाईंनी कार्ड आणून ठेवलं. बावीस गावं. खाली लाल शाई, नाव आणि पुढं कोरं. म्हणाल्या, तुमचं तुम्ही लिवा. ती माणसं आता थांबायची का यायची, ते.

आज म्हटलं तर दोघं दारात. तहानलेली. रोज. देणार कुठून.

उद्या म्हटलं तर जातील. मी आज म्हणून बसलोय, तरी जातील, कोंडाबाई म्हणतात, अप्पांच्या वेळी पण गेली होती, नवी माणसं आहेत त्यात, त्यांना अजून खरं वाटतं. चावडीपुढं बसतील. माझ्या आवाजावर. ती नंबर सोडणार नाही. ओळखतो मी तिला. लेकराला मांडीवर घेऊन बसेल आणि सांगेल, येईल हो, त्यांनी सांगितलंय.

७.०९

वही स्टुडिओत आणलीय. बाहेर भांडी सरकल्याचा आवाज, खरवडल्यासारखा. खिडकीखाली आलीत. ऐकायला.

एकवीस गावं झाली. बावीस.

लाल दिवा चालू आहे. घसा कोरडा, शब्द निघत नाही, म्हणून आधी लिहून घेतो आणि मग वाचतो. हिवरतळ —

काचेपलीकडं तांब्याचा काठ. आणि हात. बांगड्या सैल. बोळकं वर धरलंय, मला दिसावं म्हणून

सिंधु, हिवरतळ, उ